गळ्यातली सुरी: नेक नाईफबद्दल सारखे येणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यात जांबोटी-कणकुंबीकडं रानात जाताना माझ्या गळ्यात ही सुरी दिसते, मग प्रश्न सुरू होतात. खानापूरची पोरं विचारतात, चंदगडची विचारतात, निपाणीहून तर एकजण रात्री साडेअकराला फोन करून विचारतो. तेच तेच परत सांगून तोंड दुखायलंय, म्हणून एकदाच लिहून काढलं. उत्तरं माझ्या अनुभवाची आहेत, पटलं नाही तर सोडून द्या, फक्त दोरीचा प्रश्न (क्र. १०) सोडू नका.

१. नेक नाईफ म्हणजे नेमकं काय ओ? खिशातल्या चाकूपेक्षा वेगळं काय त्यात?

गळ्यात अडकवायची छोटी, न मिटणारी सुरी. पातं दोन ते तीन इंच, मुठीसकट सहा-सात इंच, आणि म्यानासकट वजन शंभर ग्रॅमच्या आत बसलं तर बरं, नाहीतर संध्याकाळपर्यंत मान भरून येते. म्यान उलटं लटकतं, मूठ खाली आणि टोक वर, खाली ओढलं की सुरी हातात. मिटणाऱ्या चाकूच्या बिजागरीत माती, वाळू, माशाची खवलं जाऊन बसतात, ती भानगड हिच्यात नाही. आणि पाठीवर सॅक असली की कमरेचं सगळं सॅकच्या पट्ट्याखाली दबतं, गळ्यातलं तेवढं मोकळं राहतं.

पण अंगाला चिकटून राहते म्हणूनच हिची दुखणी वेगळी. लोक स्टीलवर तासभर वाद घालतात, खरा त्रास देतात ते घाम आणि दोरी.

२. हिनं काय काय काम होतंय?

काडी तासणं, जाळ पेटवायला लाकडाची पिसं काढणं, खाच पाडणं, दोरी कापणं, ओढ्यावर मासा साफ करणं, काटा काढणं, कैरी चिरणं. एवढंच. आपल्याकडं रानात जाणाऱ्या माणसाच्या कमरेला कोयता असतोयच, त्याची जागा घ्यायला ही नाही. पात्याच्या पाठीवर दांडकं हाणून लाकूड फोडणं, डबा उचकटणं, झाडावर फेकून मारणं हे हिचं काम नव्हे. बांबूचंही तसंच, त्याच्या सालीत सिलिका असतं, एक कांडं कापलं की धार जाते. बांबू कोयत्यानं तोडा, मग आतलं बारीक काम हिनं करा.

३. स्टील कुठलं घेऊ? १०९५, डी२, स्टेनलेस, डोकं फिरायलंय.

१०९५ म्हणजे साधं कार्बन स्टील, कार्बन साधारण ०.९५ टक्के. धार पटकन लागते, दगडावर मऊ लोण्यासारखं चालतं, पण गंजायला निमित्तच शोधत असतं. डी२ मध्ये क्रोमियम बाराएक टक्के असतं तरी ते बरंचसं कार्बाइडमध्ये (कार्बनशी बांधलेल्या कडक कणांत) अडकलेलं, म्हणून ते पूर्ण स्टेनलेस नाही, डाग धरतं. धार मात्र खूप दिवस टिकते आणि गेली की परत लावताना घाम काढते. १२सी२७, १४सी२८एन ही स्टेनलेस, लहान सुरीला एकदम योग्य.

माझं मत विचाराल तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत कणकुंबीच्या पावसात फिरणार असाल तर गळ्यात स्टेनलेस घाला. कार्बनचा नाद असेल तर करा, मीही करतो, फक्त रोज पुसायची सवय पाहिजे (प्रश्न १३).

४. गावच्या लोहाराकडून ट्रकच्या पाट्याची (स्प्रिंगच्या पट्टीची) करून घेतली तर चालेल का?

चालेल की, माझी पहिली तशीच होती. पण लोहारदादांचा हात कोयत्या-विळ्यावर बसलेला असतो, त्यांना अडीच-तीन मिलिमीटरची सुरी म्हणजे खेळणं वाटतं आणि पातं जाडच राहतं. म्हणून पुठ्ठ्याचा नमुना कापून न्या आणि जाडी दाखवायला एक पातळ पट्टी न्या, तोंडी सांगून उपयोग नाही. पाटा जुना असेल तर त्यात डोळ्याला न दिसणारी चीर असू शकते, म्हणून मधला, जास्त वाकून न थकलेला तुकडा निवडा.

मुख्य गोष्ट पाणी देण्याची, म्हणजे पातं तापवून एकदम गार करून कडक करण्याची. नाव पाणी असलं तरी पाट्याचं स्टील तेलात विझवायचं असतं, पाण्यात घातलं तर पातळ पात्याला टणकन तडा जातो. किती तापवायचं ते चुंबकानं कळतं: लोखंड साधारण ७७० अंशाला चुंबकाला धरायचं सोडतं, त्याच्या थोडं वर नेलं की लगेच तेलात. गार झाल्यावर कानस फिरवून बघा, काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर पाणी बसलं. मग त्याच दिवशी घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशाला दोन-दोन तास दोनदा ठेवायचं, पात्यावर फिकट गवती पिवळा रंग येतो. हे टेम्परिंग टाळलं तर सुरी कडक राहते पण पापडासारखी मोडते. भट्टीचा भरवसा वाटत नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत हीट ट्रीटमेंट करणारे आहेत, त्यांच्या मोठ्या मालाबरोबर आपलं एक पातं जातंय का विचारून बघा, स्टील कुठलं ते मात्र सांगता आलं पाहिजे.

५. मशीनवर धार लावून आणली, धारेजवळ निळा डाग पडलाय. काय बिघडलं का?

बिघडलं. निळा रंग म्हणजे तिथं पातं साधारण ३०० अंशापर्यंत तापलं आणि टेम्पर उतरला, म्हणजे तिथला कडकपणा गेला. माझ्या पाट्याच्या सुरीचं असंच झालं. बाजारात मशीनवाल्याकडं दिली, त्यानं दोन मिनिटांत ठिणग्यांचा फवारा उडवून चकाचक करून दिली, दहा रुपये घेतले, मी खूश. घरी येऊन बघतो तर टोकापासून बोटभर निळं-जांभळं, मोराच्या पिसासारखं. तिथली धार नंतर एका नारळाच्या करवंटीवर वाकली. तुटली नाही, वाकली.

डाग फक्त धारेच्या कडेला असेल तर हातानं दगडावर घासत घासत तेवढा भाग काढून टाका, आतलं स्टील चांगलं असतं. खोलवर गेला असेल तर परत पाणी द्यावं लागतं. यापुढं मशीनवर घासायचंच असेल तर उघड्या हातानं धरा, बोटाला चटका बसायच्या आधी पाण्यात बुडवा.

६. मूठ कशाची करू? सांबराचं शिंग मिळतंय म्हणून एकजण सांगतोय.

शिंगाला हातसुद्धा लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चा मामला आहे, मुठीच्या हौसेपायी कोर्टाच्या फेऱ्या कशाला.

शिसवीचा तुकडा झकास, पण सुताराकडं फर्निचरमधून उरलेला मागा, रानातनं तोडायचा नाही. फणसाचं लाकूडही छान पिवळं निघतं, जरा हलकं असतं. पावसात सगळ्यात कमी कटकट मिकार्टाची, कापड आणि रेझिनचं असतं, ओल्या हातात पकड सुटत नाही. नाहीतर सरळ दोरी गुंडाळा. पण दोरी घाम आणि माशाचं पाणी पिऊन बसते, खालचा दांडा आतल्या आत गंजतो आणि तुम्हाला दिसत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी सोडा, दोरी साबणात धुवा, दांड्याला तेल लावून परत गुंडाळा.

चिकटवायला अ‍ॅराल्डाइटचं सावकाश वाळणारं घ्या, पाच मिनिटांतलं नको. आधी दोन्ही बाजू खरबरीत पॉलिश पेपरनं घासा, थिनरनं पुसा आणि मग बोट लावू नका. क्लॅम्प आवळून पिळून सगळा गोंद बाहेर काढायचा नाही, चिकटायला आत काहीतरी राहिलं पाहिजे.

७. दांड्याला भोक पाडायचंय पण ड्रिलचं बिट नुसतं घसरतंय.

पाणी दिलेलं स्टील आहे, साध्या बिटनं नाही पडणार. कार्बाइडचं बिट घ्या, सावकाश फिरवा, खाली लाकूड घट्ट धरा. नवी करून घेत असाल तर भोकं पाणी द्यायच्या आधीच पाडून घ्या, हे लोहाराला आठवणीनं सांगा.

८. लाकडी मुठीला कुठलं तेल? घरी चटणीच्या जवसाचं तेल आहे.

जवसाचं तेल चांगलंच, हवेत वाळून घट्ट होतं. आपल्याकडं जवसाची चटणी घरोघरी, तेलही मिळतं. पातळ हात द्या, वीस मिनिटांनी पुसून घ्या, दोन दिवस वाळू द्या, असे चार-पाच हात. कच्चं तेल वाळायला फार वेळ लावतं, घाई असेल तर रंगाच्या दुकानातलं उकळलेलं घ्या. ते खायचं नसतं.

आणि एक महत्त्वाचं: तेल पुसलेला चिंधा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधा आपणहून पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात भिजवून टाका.

९. म्यान कशाचं बनवू? आणि सैल झालं तर?

उलटं लटकायचं म्हणजे पकड पाहिजे, म्हणून कायडेक्स, तापवलं की मऊ होणारं प्लास्टिक. दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा साधारण १६०-१७० अंशाला मऊ होतो, हीट गनवर चामड्यासारखा लोंबायला लागला की सुरीवर दुमडायचा आणि दाबायचा. पात्यावर आधी कागदी टेपचे दोन थर लावा, नाहीतर चरे पडतात. दाबायला माझ्याकडं प्रेस नाही, जुन्या झोपायच्या मॅटचे दोन तुकडे, वर-खाली फळी, आणि फळीवर मी स्वतः पाच मिनिटं उभा. शेजारच्या काकू बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

कायडेक्स मिळत नसेल तर पीव्हीसी पाइप उभा चिरून, तापवून सपाट करून वापरता येतो. उघड्यावर करा आणि करपू देऊ नका, करपलेल्या पीव्हीसीचा धूर घशाला आणि फुफ्फुसाला वाईट.

चामडं हवं असेल तर झाडाच्या सालीत कमावलेलं घ्या, कोल्हापुरी चपलेचं असतं तसं. आपल्याच जिल्ह्यात अथणी-निपाणीकडं ते काम चालतं. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यातलाच, चपलेनं सीमाप्रश्न केव्हाच मिटवलाय. ते चामडं भिजवून सुरीभोवती दाबलं की आकार धरतं. पण गळ्यातलं उलटं म्यान नुसत्या चामड्याचं असेल तर घामानं ढिलं पडतं, मुठीवर बटणाचा पट्टा पाहिजेच.

कायडेक्स सैल झालं तर फक्त तोंडाजवळ, जिथं सुरी खट्ट करून बसते, तेवढंच तापवून सुरी घालून दाबा. फार घट्ट झालं तर तिथंच किंचित उघडा. मग सुरी घालून म्यान उलटं धरा, गादीवर जोरजोरात झटका. दहा झटक्यांत पडली नाही तर पास. ही परीक्षा गळ्यात घालून घ्यायची नाही, हे सांगायला लागतंय कारण एकानं घेतली होती.

१०. दोरी कुठली? मी पॅराकॉर्ड घातलीय, मजबूत आहे.

तेच तर चुकलं. ५५० पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटची नायलॉन दोरी, ५५० पौंड म्हणजे सुमारे २५० किलो पेलते. तुमची मान पेलते का? गळ्यातली दोरी कुठंतरी अडकल्यावर तुटली पाहिजे.

मीही पहिल्या वर्षी पॅराकॉर्डच घातली होती. जुलैत कणकुंबीच्या पुढं जांभ्याच्या ओल्या दगडावरनं पाय सरकला, फार नाही, तीन-चार फूट खाली, पण जाताना दोरी एका तोडलेल्या कारवीच्या खुंटात अडकली. पाय खाली टेकेनात, दोरी सुटेना, आवाज निघेना. बरोबरच्या दोस्तानं कोयत्यानं खुंट उडवला म्हणून आज हे लिहायलोय. माझ्या गळ्यात सुरी होती आणि मला ती काढता आली नाही, दोन्ही हात दोरीत गुंतले होते. पंधरा दिवस गळ्यावर वळ होता, आईला उपरण्याची फॅशन आलीय म्हणून सांगितलं.

आता मण्यांची साखळी वापरतो, बल्बच्या खटक्याला असते तसली, हिसका बसला की तिचा जोड सुटतो. पॅराकॉर्डच आवडत असेल तर मानेमागं ती कापा आणि दोन टोकं शिवणाच्या साध्या दोऱ्याच्या दोन-तीन वेढ्यांनी जोडा. घालण्याआधी हातानं हिसका देऊन बघा, तुटली नाही तर ती दोरी गळ्यात घालायची नाही. लांबी एवढीच ठेवा की म्यान छातीच्या हाडावर येईल, पोटावर लोंबणारी सुरी वाकलं की सगळीकडं आपटते. सोन्याची साखळी, मंगळसूत्र, रुद्राक्ष याबरोबर घालू नका, गुंता होतो. आणि गाडी चालवताना काढून सॅकमध्ये टाका.

११. फायर रॉडवर ठिणगी पडत नाही, सुरी खराब आहे का?

फायर रॉड म्हणजे खरवडली की ठिणग्या टाकणारी कांडी. सुरी खराब नाही, पाठीची कड गोल आहे. पात्याची पाठ दगडावर सपाट घासून कड काटकोनी करा, काळं कोटिंग असेल तर तेवढ्या भागाचं काढून टाका. इंचभर पुरे, अंगठा टेकतो तिथली गोलच राहू द्या. धारेनं रॉड खरवडायचा नाही. फायर रॉडला स्टेनलेस चालतं कारण ठिणगी रॉडची असते. पण गारगोटीवर चकमक करायची हौस असेल तर तिथं ठिणगी स्टीलची असते, म्हणून कडक कार्बन स्टीलच लागतं.

१२. धार किती अंशावर लावायची? दगड कुठला?

साध्या पात्याला एका बाजूनं साधारण २० अंश. दोन रुपयांच्या नाण्यांची चळत वगैरे युक्त्या सोडा, मार्कर घ्या. धारेच्या कडेला मार्कर फासा, दगडावर दोनदा ओढा आणि बघा: शाई वरची गेली तर पाठ जास्त खाली आहे, अगदी कडेची गेली तर जास्त वर.

४०० नंबरच्या खरबरीत दगडावर सुरुवात फक्त धार पार गेली असेल तर, नाहीतर १००० च्या बारीक दगडापासून. एका बाजूला घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाच्या पोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. तो बर, म्हणजे धारेची पलीकडं दुमडलेली बारीक कड. तो पूर्ण लांबीला आला की बाजू बदला. शेवटी हलक्या हातानं आलटून पालटून आणि मग जुन्या चामडी पट्ट्यावर पॉलिशची हिरवी पेस्ट लावून उलट्या दिशेनं, पाठ पुढं आणि धार मागं ठेवून, वीस-पंचवीस वेळा ओढा. आमचे आजोबा विळ्याची धार अंगठ्याच्या नखावर बघायचे, नखावर टेकवली की घसरली तर बोथट, चिकटली तर झाली. तीच परीक्षा इथंही चालते.

अपवाद स्कँडी ग्राइंडचा. त्यात पात्याला एकच रुंद उतार असतो, बाजूला साधारण १२ अंश. तिथं २० अंशाचा हट्ट धरायचा नाही, तो अख्खा उतार दगडावर सपाट टेकवून घासायचा. वेळ जातो पण चुकायला जागा नाही.

१३. रोजची काळजी काय? पावसात भिजली नाही तरी गंज येतोय.

पाऊस नाही, तुमचा घाम. शर्टाच्या आत दिवसभर मिठाचं पाणी झिरपतंय, म्यानाच्या तोंडातनं वर चढतंय. घरी आल्यावर सुरी बाहेर काढायची, साध्या पाण्यानं धुवायची, कोरडी पुसायची, तेलाचं एक बोट. म्यानही धुवायचं. लटकताना तोंड खाली असतं म्हणून पाणी गळून जातं, पण टेबलावर आडवं ठेवलं की आतच राहतं, म्हणून खुंटीला वेगळं टांगा.

तेल शिलाई मशीनचं चालतं. अन्न कापत असाल तर खोबरेल लावा, फक्त ते चोवीस अंशाच्या खाली थिजतं आणि बेळगावच्या डिसेंबरात बाटलीतनं निघतच नाही, शिवाय खूप दिवसांनी खवट चिकट होतं, तेव्हा पुसून नवं लावत चला. डब्ल्यूडी-४० (फवारायचं तेल) पाणी हाकलायला ठीक, पण महिनाभर राखण करत नाही.

१४. कैरी कापली तर पातं काळं पडलं. हा गंजच ना?

नव्हे. आंबट लागलं की कार्बन स्टीलवर करडा-निळसर थर येतो, पाटिना म्हणतात, तो उलट लाल गंजाला थोडा अडवतो. मुद्दाम आणायचा असेल तर पातं थिनरनं पुसून कोमट व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा आणि धुऊन तेल लावा. लाल आणि बोटाला खरबरीत लागतो तो गंज. तो तेल आणि अगदी बारीक स्टील वूलनं घासून लगेच काढा. स्टेनलेसवर पाटिना चढवायच्या भानगडीत पडू नका, नुसतं व्हिनेगर वाया.

१५. फणस चिरला, चीक बसलाय, साबणानं निघत नाही.

साबणानं जन्मात निघणार नाही. खोबरेल चोळा, पाच मिनिटं थांबा, कागदानं पुसा, मग साबण. पुढच्या वेळी आधीच तेल लावून चिरा, आई विळीला लावते तसं.

१६. चार महिने वापरणार नाही, म्यानातच ठेवू ना?

नको, चामड्याच्या म्यानात तर अजिबात नको. चामडं ओल धरून बसतं. तेल लावून, मेणकागदात गुंडाळून, म्यान शेजारी वेगळं ठेवा.

१७. पोलिसांनी धरलं तर? बाळगायला परवानगी लागते का?

शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, त्याही घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाच्या सोडून. आपली तीन इंची त्यात बसत नाही. पण त्याच यादीत कट्यारही आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी धार करून घ्यायचा शहाणपणा नको.

आता अपवाद, आणि इथंच लोक अडकतात. भीमगड अभयारण्य, २०११ साली जाहीर झालेलं, आपल्याच खानापूर तालुक्यात. अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत शस्त्र म्हणजे सुरीसुद्धा, लांबी कितीही असो. तिकडं जाताना घरी ठेवा. दुसरं, १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव), विधिमंडळाचं अधिवेशन, मिरवणुका अशा दिवसांत बेळगावात जमावबंदीचे आदेश निघतात, १ जुलै २०२४ पासून ते कलम १४४ ऐवजी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली येतात. त्या दिवशी गळ्यात सुरी घालून खडेबाजारात चहा प्यायला गेलात तर "बुशक्राफ्ट" हा शब्द कुठल्याच भाषेत समजावता येणार नाही. सांबऱ्याहून विमानानं जाणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत.

१८. पोरगा दहा वर्षांचा आहे, मागे लागलाय. देऊ?

सुरी द्या, गळ्यात देऊ नका. बसून, तुमच्यासमोर, साबणाच्या वडीवर तासायला शिकवा. पळताना पोरांच्या गळ्यात काही लोंबतं नको, साखळी तुटणारी असली तरी.

१९. टोक तुटलंय दोन-तीन मिलिमीटर. टाकून देऊ?

अजिबात नको. पण लोक धारेच्या बाजूनं घासून टोक काढायला जातात आणि धारेचा पोटाचा बाक घालवून बसतात. पाठीच्या बाजूनं घासायचं: पाठ हळूहळू खाली उतरवत आणायची, ती धारेला भेटेल तिथं नवं टोक. दगडावर हातानं, पाणी लावत (मशीनवर का नको ते प्रश्न ५ मध्ये आलंय). तासभर लागतो. सुरी दोन-तीन मिलिमीटर आखूड होते, म्यानात खट्ट आवाज मात्र तोच येतो, कारण पकड तोंडाजवळ असते.